दुसऱ्या अंकातला पहिला अंक

“सूनबाई, माझी पिशवी कुठंय?” अण्णांनी विचारलं.

“बोहारणीला दिली,” मी म्हणाले.

इथे हशा येतो. मिरजेतही आला, आणि चांगला दणदणीत आला. त्या हशात अण्णांनी छातीवर हात ठेवून आरामखुर्चीत बसायचं, माझ्याकडे नुसतं बघायचं, आणि हशा ओसरायला लागला की अगदी खालच्या आवाजात म्हणायचं, “परतीचं तिकीट होतं तिच्यात.” की पुन्हा हशा. ‘मामंजींचा मुक्काम’ या आमच्या नाटकातली दुसऱ्या अंकातली ही हुकमी जागा. सासरे चार दिवसांसाठी म्हणून मुलाकडे येतात आणि हलायचं नाव घेत नाहीत, सून त्यांना घालवायच्या नाना खटपटी करते, एवढंच ते नाटक. सून मी, सासरे अण्णा केळुस्कर. वर्षानुवर्षं करत होतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी पुढचं वाक्य सांगितलं असतं, आणि त्या दिवशी मी जवळजवळ झोपेतच होते.

पण अण्णा बसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “काल रात्री तर इथं अडकवली होती मी.”

हे वाक्य पहिल्या अंकातलं होतं.

आमच्या लेखकाने पिशवीचा प्रश्न शब्दाला शब्द दोन्ही अंकांत घातला होता. पहिल्या अंकात सासऱ्यांनी विचारलं की मी “कुठली पिशवी?” म्हणते, ते खुंटी दाखवतात, मग मी शोधल्यासारखं करत स्टुलावर चढते, माळ्यावरचा पिठाचा डबा डोक्यावर उपडा होतो आणि मी फतकल मारून खाली बसते. दुसऱ्या अंकात तोच प्रश्न आला की बोहारीण. नाका एकच, रस्ते दोन. अण्णा दुसऱ्या अंकातून उठून सरळ पहिल्या अंकाच्या रस्त्याला लागले होते.

असं होतं नाटकात. अशा वेळी जो शुद्धीवर असतो तो दुसऱ्याला एखाद्या वाक्यात परत आणतो. मीही प्रयत्न केला. “त्या खुंटीवरनंच काढून दिली, मामंजी. दोन पातेली आली,” असं म्हटलं. लोक हसले. अण्णांनी हशा ओसरू दिला आणि म्हणाले, “माळ्यावर बघ. तू सगळं माळ्यावर टाकतेस.” हेही पहिल्या अंकातलंच. बोलणं इतकं ठाम आणि वेळ इतकी अचूक, की प्रेक्षकांपैकी कुणाला शंकासुद्धा आली नाही.

म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या दोघांना सोडून. त्यातले एक आमचे निर्माते मुणगेकर, आणि दुसरे विद्याधर नेने. नेने माझ्या मालिकेत माझ्या दिराचं काम करायचे. आदल्या रात्री ठाण्याला आमचं शूटिंग उशिरापर्यंत चाललं, आणि तिथून मी थेट मिरजेच्या गाडीत बसले तर पुढच्या सीटवर हे. सांगलीला नातेवाईक आहेत म्हणाले. रस्ताभर घोरले, खंबाटकीला उठून चहा प्यायले, पुन्हा घोरले. खरं काय ते मला मुणगेकरांनी दुपारी मेकअप रूममध्ये सांगितलं. पुढच्या महिन्यापासून सासऱ्यांचं काम नेने करणार होते.

मी भांडले. अण्णा दोन-तीन प्रयोगांत कुठेतरी अडखळले होते, एकदा तर माझ्या नाटकातल्या नवऱ्याला त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली होती, हे मलाही माहीत होतं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढं चालायचंच, असं मी म्हणाले. मुणगेकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कुंदाताई, आजचा प्रयोग निभावला तर मी गप्प बसतो. पण आज चुकले, तर मी त्यांना आजच सांगणार. तुम्ही मध्ये पडायचं नाही.”

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी काय केलं असतं, याचा मला विचारसुद्धा करवत नव्हता. त्यांची बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं, डोंबिवलीला पुतण्याकडे राहत होते. शनिवार-रविवारच्या प्रयोगांसाठी हा माणूस गुरुवारी बॅग भरून दाराशी ठेवायचा. पुतण्याची बायको हसून सांगायची की मधले चार दिवस अण्णा आमच्याकडे पाहुणे असतात. ते नाटक काढून घेतलं असतं तर त्यांच्याकडे गुरुवारसुद्धा उरला नसता.

आणि मला नटी केलं ते त्यांनीच. मी टेलिफोन खात्यात होते, खात्याच्या नाटकांत कामं करायचे. चेहरा, आवाज आणि पुढचे दोन दात यांनी मिळून माझं काय व्हायचं ते आधीच ठरवून टाकलं होतं. सव्विसाव्या वर्षी मी नायिकेच्या आईचं काम केलं, आणि ती नायिका माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. मग अण्णांच्या नाटकातली एक बाई बाळंतपणाला गेली आणि त्यांनी मला उभी केली. पहिल्या तालमीत मी एक वाक्य टाकलं आणि काल्पनिक हशा संपायची वाट बघत बसले. तेव्हा ते म्हणाले, “संपू देऊ नकोस. उतरायला लागला की बोल. संपल्यावर बोललीस तर गाडी नव्याने ढकलावी लागते.” पुढची सगळी वर्षं मी त्या दोन-तीन वाक्यांवर काढली. टीव्हीवरच्या मालिकेतल्या माझ्या मथूमावशीमुळे लोक मला रस्त्यात अडवायला लागले, पण मथूमावशीलासुद्धा कधी बोलायचं ते अण्णांनीच शिकवलं होतं.

तर, अण्णा माळ्याकडे बोट करून उभे होते आणि मी ठरवलं की जायचं त्यांच्या मागे. त्यांना तिथेच अडवलं असतं तर ते गोंधळले असते, आणि गोंधळलेला नट तिसऱ्या रांगेतून लगेच दिसतो. मी मागे गेले, तर निदान तो खेळ वाटेल.

स्टूल दुसऱ्या अंकात नसतं. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली. माझा उजवा गुडघा तेव्हा अगदी कामातून गेला होता, पट्टा बांधून एका प्रयोगात एकदाच पडायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ते एकदा पडणं मध्यंतराच्या आधीच झालं होतं. चढले. माळ्यावर हात घातला. पिठाचा डबा अर्थातच नव्हता, तो बिचारा पहिल्या अंकात पडून, झाडूनपुसून विंगेत गेला होता. मी रिकामा हात बाहेर काढला, प्रेक्षकांकडे बघितलं आणि म्हणाले, “पीठसुद्धा संपलं.”

पहिल्या अंकातलं पीठ सगळ्यांना आठवत होतं. असा हशा आला की मला खुर्चीवरून उतरता येईना. मग मी पडले, कारण त्यापुढे पडायचंच असतं. गुडघ्यातून कळ आली ती पार डोक्यात गेली. फतकल मारून बसले आणि लोक हसत होते, आणि मला खरोखरच वाटलं की इथेच आडवं व्हावं, पडदा पडो न पडो, कुणीतरी अंगावर चादर टाकावी. दमणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी त्या फळ्यांवर कळलं.

पण पहिल्या अंकातला तो प्रवेश संपला की सासरे पुन्हा पिशवीवरच येतात. म्हणजे अण्णा पुन्हा त्याच नाक्यावर येणार होते. तिथून ते कुठे वळतील ते सांगता येत नव्हतं, आणि तिसऱ्यांदा माझ्याच्याने खुर्चीवर चढणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आत मी जमिनीवरूनच हात जोडले. “मामंजी, हे सगळं तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी झालं होतं. त्याला आता चार महिने झाले. त्या दिवशीही मीच पडले होते, आजही मीच पडले. आता तरी बसा हो त्या खुर्चीत.”

टाळी पडली. टाळी सरळ थिएटरच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. त्या गडबडीत मी अण्णांकडे बघून आरामखुर्चीकडे मान हलवली. ते बसले. हात आपोआप छातीवर गेला. टाळी उतरायला लागली आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, “परतीचं तिकीट होतं तिच्यात.”

पुढचं नाटक बिनचूक झालं.

पडदा पडल्यावर आमच्यातल्या पोरापोरींनी मला मिठ्या मारल्या. विंगेतून सगळं बघत असलेली, माझ्या मुलीचं काम करणारी पोरगी तर रडत होती. मी तिला म्हटलं की रडू नकोस, आधी माझा पट्टा सोड. अण्णा तोंड धुवायला गेले होते. मी मेकअप रूममध्ये पाय खुर्चीवर ठेवून बसले आणि मुणगेकर कधी येतात त्याची वाट बघत राहिले. काय सांगायचं ते माझं ठरलं होतं.

मुणगेकर आले. मागे नेने होते. अजून बाहेर उजेड होता, खिडकीतून भेळेच्या गाड्यांचा गलका येत होता.

“कोण चुकलं?” मुणगेकरांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं, ते हसतील. बाई थापा मारते म्हणतील. मग मी जोर लावून सांगेन की रात्रभर प्रवास, झोप नाही, मीच भलतीकडे गेले आणि अण्णांनी मला सांभाळून घेतलं. पण मुणगेकर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “अण्णासुद्धा तेच म्हणाले.”

“काय म्हणाले?”

“आत्ता नळापाशी भेटले. म्हणाले, कुंदा चुकली, पण तिला काही बोलू नका, बाई दमलीय.”

नेन्यांनी तेवढ्यात तत्परतेने भर घातली, की काल सेटवरसुद्धा मी एकच वाक्य पाच-सहा वेळा चुकले होते. ते खरं होतं. इतक्या उशिरापर्यंत काम केलं की कुणीही चुकतं, नेनेही चुकले होते, पण ते त्यांनी सांगितलं नाही. मुणगेकर म्हणाले, तब्येतीला जपा, मालिका आणि नाटक दोन्ही किती दिवस ओढणार. अण्णांचा विषय त्यांनी काढला नाही. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि तरी माझा संताप होत होता.

मी स्वतः माझ्यावर घेतलं ती गोष्ट वेगळी. पण ज्याच्यासाठी मी मोडक्या गुडघ्याने खुर्चीवर चढले, तो माणूस माझ्याही आधी निर्मात्याला गाठून माझं नाव सांगून मोकळा होतो? काम वाचवायला? इतकी वर्षं ज्यांना मी गुरू मानलं, ते नळापाशी उभं राहून हे असं बोलतात? मला त्या दिवशी पडण्यापेक्षा ते जास्त लागलं. मी तशीच लंगडत त्यांना शोधायला गेले.

अण्णा थिएटरच्या मागच्या पायऱ्यांवर बसले होते. शेजारी चहाचे दोन कप होते, एकावर बशी झाकलेली. मला बघितल्यावर त्यांनी ती बशी काढली.

“बस. तुझ्यासाठीच ठेवलाय. गुडघा कसा आहे?”

मी बसले नाही. “अण्णा, तुम्ही मुणगेकरांना काय सांगितलंत?”

“सांगावं लागलं गं. ते रागावलेले दिसले. म्हटलं, तुला एकदम काही बोलतील, त्यापेक्षा मीच आधी समजावून ठेवावं.” त्यांनी माझ्या हातात कप दिला. “वाईट वाटून घेऊ नकोस. होतं असं. पहिलाच अंक चाललाय आणि तू एकदम दुसऱ्यातलं ते बोहारणीचं बोललीस. मला धस्स झालं. म्हटलं, ही आता सगळं नाटक तिकडे घेऊन जाते की काय.”

मी कप पायरीवर ठेवला.

“मग मी खुंटी दाखवली. तरी तुझ्या लक्षात येईना, तू परत बोहारीणच धरून बसलीस. शेवटी माळ्यावर बघ म्हटलं तेव्हा कुठे आलीस माघारी.” ते समाधानाने हसले. “आणि ते चार महिन्यांचं घातलंस ना, ते फार छान सारवलंस. टाळी घेतलीस. मला अभिमान वाटला तुझा.”

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मला चाललं असतं. मी भांडले असते आणि रात्री बसमध्ये आमचा समेट झाला असता. पण तिथे लबाडी नव्हती. तिथे फक्त माझी काळजी होती. मध्यंतर झालं होतं, मध्यंतरात त्यांनी विंगेत उभं राहून बटाटेवडा खाल्ला होता आणि तिखट लागलं म्हणून पोरांकडे साखर मागितली होती. ते सगळं त्यांच्या मनातून पुसलं गेलं होतं. ते वाक्य विसरले नव्हते, अख्खा एक अंक विसरले होते. आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

मी खाली बसले. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. मला भीती वाटली. आज मी निभावून नेलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा नाक्यावर उभे राहणार, त्याच्या पुढच्याही रविवारी. एक दिवस मी दमलेली असेन, किंवा त्यांच्या मागे जाणं मला साधणार नाही, आणि भर प्रयोगात, भरलेल्या थिएटरसमोर, त्यांना आपण कुठे आहोत ते कळेनासं होईल. लोक तेव्हाही हसतील, कारण ते आम्हाला हसायलाच येतात. ते हसणं अण्णांनी ऐकावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि त्यांच्या जागी नेन्यांना सासरे म्हणणंही मला जमलं नसतं.

“चुकलंच माझं,” मी म्हणाले.

“असू दे. मी होतो ना.”

“अण्णा, हल्ली होतं असं माझं. मालिकेतही होतं. मला झेपत नाही आता.” हे बोलताना मला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं. “आपण बंद करू या का हे नाटक?”

ते म्हणाले की मला विचारशील तर मी अजून दहा वर्षं करेन, माझी काही तक्रार नाही, पण जोडी मोडून करण्यात राम नाही. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“तू म्हणतेस तर करू बंद. पण तुझ्या विसरण्यामुळे बंद पडलं, हे मी कुणाला कळू देणार नाही. मुणगेकरलाही ताकीद देतो.”

मुणगेकरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते चिडले, मग समजुतीने घेतलं, आणि लावलेल्या तारखा पूर्ण करून ‘मुक्काम’ आम्ही थांबवला. त्या उरलेल्या प्रयोगांत पिशवीचा प्रश्न आला की मी अण्णांच्या खुर्चीला अगदी टेकून उभी राहायचे आणि “बोहारणीला दिली” म्हणतानाच त्यांना हाताला धरून बसवायचे. ताकीद दिली तरी बातमी फुटायची ती फुटलीच. कुंदा रेडकरचं पाठांतर गेलं, असं ठाण्याच्या सेटवर माझ्या आधी पोचलं. वर्षभरात मथूमावशीला लेखकांनी काशीयात्रेला पाठवलं. ती अजून परत आलेली नाही. मला त्याचं फार दुःख झालं म्हटलं तर खोटं होईल. पहिले दोन महिने मी नुसती झोपले.

अण्णांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा डोंबिवलीत त्यांचा छोटासा सत्कार केला. तोवर ते बरंच हरवले होते. पुतण्याला कधी नावाने हाक मारायचे, कधी नाही. मला मात्र ओळखायचे. आम्हा दोघांना स्टेजवर शेजारी बसवलं होतं, आणि मुलाखत घेणाऱ्या तरुण मुलीने जे विचारायला नको होतं तेच विचारलं. इतकं चाललेलं नाटक तुम्ही ऐन भरात का थांबवलंत, आणि तेव्हा कुंदाताईंबद्दल काही कानावर आलं होतं, ते खरं का?

मी माईककडे हात नेला, पण अण्णांनी तो आधीच उचलला होता.

“तिचं काही नाही हो,” ते म्हणाले. “ती शेवटपर्यंत पक्की होती. मलाच आठवेनासं झालं होतं. तिने सांभाळून घेतलं मला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती मोठं मन, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. टाळ्या उतरायला लागल्या तेव्हा अण्णा माझ्याकडे थोडे वाकले, दिलेला शब्द पाळल्याच्या समाधानात त्यांनी मला हळूच डोळा मारला, आणि मीही मान हलवून त्यांचे आभार मानले.